विद्यापीठाच्या माहितीसभेला जाताना

बारावीचा निकाल लागला की मे-जून महिन्यांत शहरांत आणि तालुक्याच्या गावी फलक दिसू लागतात. कोठे ‘प्रवेश मार्गदर्शन मेळावा’, कोठे ‘करिअर सेमिनार’, कोठे ‘ओपन हाऊस’. वर्तमानपत्रांतून जाहिराती येतात, मोबाईलवर संदेश येतात. आपले विद्यार्थी अशा सभांना जातात, छापील पत्रके पिशवीत भरून घरी येतात, आणि दोन दिवसांनी ती पत्रके कपाटावर जाऊन पडतात. सभेला गेल्याने काय साधले असे विचारले, तर ‘चांगली माहिती दिली’ एवढेच उत्तर मिळते. नेमकी कोणती माहिती, हे सांगता येत नाही.

ह्या लेखाचा विषय ही माहितीसभा आहे. ज्या घरात आईवडील, काका-मामा यांपैकी कोणीतरी विद्यापीठात शिकलेले असते, तेथे बरीचशी माहिती जेवताना बोलता बोलता मिळून जाते. ज्या घरातला पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीला जात आहे, त्या घराला मात्र ही सभा हाच एक दरवाजा असतो. त्यामुळे तिचा उपयोग कसा करून घ्यावा हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा अभ्यास आहे.

प्रथम सभा कोणाची आहे ते पाहावे. वरवर सगळ्या सारख्याच दिसतात. तेच पडदे, तेच ध्वनिक्षेपक, तोच चहा. परंतु बोलावणारा निराळा असला की सांगण्याचा हेतूही निराळा असतो. सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले आणि सरकारी नियंत्रणाखालचे विद्यापीठ. मुंबई विद्यापीठ (१८५७), नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२) ही आपल्या परिचयाची नावे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ सालचे असून ते केंद्रीय विद्यापीठ आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने चालतो. ह्यांच्या सभेत बोलणारा प्राध्यापक किंवा अधिकारी पगारी नोकर असतो. तुम्ही प्रवेश घेतला काय आणि न घेतला काय, त्याच्या पगारात फरक पडत नाही. खाजगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि नुसते ‘अकॅडमी’ नाव लावलेली संस्था ह्या निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील काही उत्तम काम करतात हे मान्य करूनही, तेथे बोलणाऱ्याला जागा भरायच्या असतात हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ मध्ये स्पष्ट आहे. केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, आयोगाच्या शिफारशीने अभिमत ठरलेली संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच तो अधिकार आहे. बाकी कोणी ‘आमची डिग्री’ म्हणत असेल तर ती डिग्री नव्हे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करीत असतो. सभेला जाण्याआधी दहा मिनिटे ती यादी पाहिली तर पुढचे बरेच दुःख टळते.

विद्यापीठाने आपल्या भिंतीबाहेर येऊन लोकांशी बोलावे ही कल्पना तशी जुनी आहे. तिचा इतिहास थोडा सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यात आपल्याला उपयोगी पडेल अशी एक युक्ती आहे. १८६७ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे जेम्स स्टुअर्ट हे चोवीस वर्षांचे तरुण फेलो उत्तर इंग्लंडमध्ये लीड्स, लिव्हरपूल, शेफील्ड, मँचेस्टर ह्या शहरांत स्त्रियांपुढे व्याख्याने देऊ लागले. त्या काळी केंब्रिजचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. तरुण मुलींनी एका तरुण व्याख्यात्याशी भर सभेत तोंडी प्रश्नोत्तरे करावीत हे त्या समाजाला प्रशस्त वाटत नव्हते. स्टुअर्ट यांनी वाट काढली. ते व्याख्यानाची छापील टिपणे आधी वाटीत, प्रश्न छापून देत, आणि उत्तरे लिहून टपालाने मागवीत. संकोच हा अडथळा होता. तो त्यांनी कागदाच्या मदतीने ओलांडला.

दुसरा प्रसंग रॉचडेल ह्या गिरणगावचा. तेथील सहकारी संस्थेच्या कामगारांपुढे स्टुअर्ट यांची व्याख्याने चालू होती. व्याख्यानासाठी भिंतीवर टांगलेल्या आकृत्या एकदा तशाच राहिल्या. मधल्या दिवसांत कामगार त्या आकृत्यांभोवती जमून आपापसांत चर्चा करू लागले. हे पाहून स्टुअर्ट यांनी व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वेगळा वर्ग घ्यायला सुरुवात केली. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने हे काम अधिकृतपणे हाती घेतले. नॉटिंगहॅम, डर्बी, लीस्टर ह्या गावांत पहिले वर्ग निघाले. नॉटिंगहॅमच्या वर्गांतूनच तेथे १८८१ साली कॉलेज उभे राहिले आणि आज त्याचे विद्यापीठ झाले आहे. ह्यालाच पुढे विद्यापीठ विस्तार चळवळ म्हणू लागले. आपल्याकडे त्याला बहिःशाल शिक्षण असा छान शब्द आहे. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पहिले कुलगुरू डॉ. जयकर यांच्या नावाने चालविलेली व्याख्यानमाला आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल.

नोकरी करणाऱ्या गरिबाला शिक्षण घेता यावे ह्या विचाराचे एक मोठे उदाहरण आपल्यालाच परिचयाचे आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. ज्या संस्थेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ पासून शिकले आणि ज्या शहरात त्यांना १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हीसुद्धा १८९५ साली निघाली तेव्हा तिची बरीच व्याख्याने संध्याकाळी, कामावरून सुटणाऱ्यांच्या सोयीने होत असत. दोन्ही ठिकाणी घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीने लावलेले होते. ते पाहता, आपल्याकडील माहितीसभा हमखास कामाच्या दिवशी सकाळी अकराला का ठेवतात, हे मला समजलेले नाही. रोजंदारीवर जाणारा बाप अकरा वाजता येणार कसा?

असो. आता सभागृहात काय घडते ते पाहू. एक-दीड तास भाषणे होतात. मग सूत्रसंचालक ‘काही शंका?’ असे विचारतात. ध्वनिक्षेपक फिरतो. पहिल्या दोन रांगांतून चार प्रश्न येतात, ते बहुधा इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांचे किंवा त्यांच्या पालकांचे. मागच्या रांगेतली मुले गप्प असतात. त्यांना प्रश्न नसतात असे नव्हे. ‘फीचे विचारले तर लोक काय म्हणतील’, ‘शिष्यवृत्तीचे विचारले तर जात कळेल’, ‘मराठीत विचारले तर हसतील’, हे तीन विचार त्यांच्या मनात असतात. सभा संपल्यावर जिन्यात हीच मुले एकमेकांना विचारतात, आणि एक माहीत नसलेला दुसऱ्या माहीत नसलेल्याला उत्तर देतो. स्टुअर्ट यांची युक्ती येथे कामी येते. प्रश्न घरून कागदावर लिहून न्यावेत. उभे राहून बोलण्याचे धाडस होत नसेल तर चिठ्ठी पुढे पाठवावी. तेही जमत नसेल तर सभा संपल्यावर टेबलापाशी जाऊन कागद पुढे ठेवावा आणि उत्तर त्याच कागदावर लिहून मागावे. शासकीय विद्यापीठाच्या माणसाला मराठीत विचारण्यात कमीपणा काहीच नाही. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून घेतली जाणारी सीयूईटी ही सामायिक परीक्षासुद्धा तेरा भाषांतून देता येते, आणि त्यांत मराठी आहे. हे आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. इंग्रजीतच असणार असे धरून ते अर्जच करीत नाहीत.

आता काय विचारावे ह्याकडे वळू. मी बँकेत काउंटरवर काम करतो. जुलै ते सप्टेंबर ह्या काळात विद्यार्थ्यांची आणि पालकांची जी धावपळ समोर दिसते, तिच्यावरून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशाचाच आहे असे माझे मत झाले आहे. अभ्यासक्रम किती चांगला, वसतिगृह किती हवेशीर, हे नंतर.

विचारायचे ते असे. ह्या अभ्यासक्रमाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा राज्याची फ्रीशिप लागू आहे काय, आणि असल्यास मला मिळणाऱ्या जागेला लागू आहे काय? ह्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती, आणि त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप, अशी साधारण व्यवस्था आहे. परंतु अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही. सभेतला गोड बोलणारा गृहस्थ ‘जागा आजच पक्की करा, शिष्यवृत्तीचे नंतर बघू’ असे म्हणत असेल तर तेथून उठून यावे. नंतर बघण्यासारखे काही उरलेले नसते. महाविद्यालय, अभ्यासक्रम, गुण, सगळे तेच राहते, परंतु जागेचा प्रकार बदलला की घरावर लाखांचा बोजा पडतो.

ह्याच्याच जोडीला जात वैधता प्रमाणपत्राचे विचारावे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी ते लागते, आणि ते मिळायला वेळ लागतो. अर्ज बारावीत असतानाच जिल्हा जात पडताळणी समितीकडे महाविद्यालयामार्फत करावयाचा असतो. सभा बारावीच्या निकालानंतर होते, तेव्हा तोवर उशीर झालेला असतो. म्हणून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आदल्या वर्षीच एखाद्या सभेला जाऊन यावे असे मी आग्रहाने सुचवितो.

येथे माझ्या खात्यातील एक बारीक गोष्ट सांगतो. २०२१ पासून शिष्यवृत्तीतील केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतो. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला ह्यापेक्षा, आधार सर्वांत शेवटी कोणत्या खात्याशी जोडला गेला, ह्यावर पैसा कोठे जाईल ते ठरते. पुष्कळ मुलांची दोन-तीन खाती असतात. एक शाळेत असताना काढलेले, एक मोबाईलवर चटकन उघडलेले. पैसे भलत्याच खात्यात जमा होतात, ते खाते व्यवहार नसल्याने बंद पडलेले असते, आणि मुलगा समाजकल्याण कार्यालयात खेटे घालीत राहतो. बँकेत जाऊन ‘माझा आधार कोणत्या खात्याला जोडलेला आहे’ एवढे विचारले तर पाच मिनिटांत कळते. तसेच ह्या रकमेत महाविद्यालयाचे शुल्कही असते, ते विद्यार्थ्याने पुढे महाविद्यालयात भरावयाचे असते. घरखर्चात ते गेले तर परीक्षेच्या वेळी अर्ज अडतो.

शैक्षणिक कर्ज हा सभेतला आवडता विषय. ‘लोनची सोय आहे’ असे फलकावरच लिहिलेले असते. त्याने हुरळून जाऊ नये. कर्ज बँक देते, संस्था देत नाही. बँकेला प्रवेशपत्र आणि वर्षनिहाय शुल्काचा तक्ता संस्थेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी हवा असतो. तो तक्ता सभेतच मागावा. जो द्यायला टाळाटाळ करील त्याच्याविषयी शंका घ्यावी. साडेसात लाखांपर्यंतच्या पात्र कर्जाला सरकारी हमी निधीची सोय आहे, त्यामुळे तेवढ्या रकमेला तारण लागू नये असा संकेत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशाला तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हा सभेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. परंतु मधल्या काळात व्याज चढत असते, ही गोष्ट फलकावर लिहिलेली नसते.

शुल्क परत मिळण्याचे नियमही माहीत असावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर संपूर्ण शुल्क परत, पंधरा दिवसांहून कमी राहिले असता ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, पुढे तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, अशी उतरंड ठरविली गेली. त्यानंतर काही वर्षी आयोगाने याहून उदार परिपत्रके काढली आहेत, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. त्याच अधिसूचनेने मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवण्यास संस्थांना मनाई केली आहे. मूळ कागद तपासून तेथल्या तेथे परत घ्यावेत. एका पालकांनी सभेतच मूळ कागद जमा केले होते. मुलीला नंतर सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली, तेव्हा ते सोडविण्यासाठी त्यांना तीन चकरा माराव्या लागल्या आणि ‘कॅन्सलेशन’ म्हणून वर पैसेही भरावे लागले. नियम त्यांच्या बाजूने होता, पण त्यांना तो माहीत नव्हता.

दूरशिक्षणाच्या सभेत एवढेच पाहावे की त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या विशिष्ट वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढ्याने भागत नाही. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, कायदा ह्या पदव्या दूरशिक्षणाने देण्यास मनाई आहे. कोणी ‘पत्राने बी.ई.’ देऊ लागला तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली आहे. तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स. चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात मिळणार की दुसरीकडे जावे लागणार, हे विचारून घ्यावे. लहान गावांतून हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

परदेशी विद्यापीठांच्या सभांविषयी थोडक्यात. मोठ्या हॉटेलातील ‘स्पॉट ॲडमिशन’ मेळावे बहुधा दलालांचे असतात आणि दलालाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे संस्थेकडून मेहनताना मिळत असतो. उलट जर्मनीच्या सार्वजनिक विद्यापीठांची माहिती डीएएडी ही १९२५ पासूनची संस्था विनामूल्य देते. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाममात्र आहे. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना एका सत्राला १५०० युरो पडतात, आणि राहण्याखाण्याचा खर्च सर्वत्र आपला आपणच करावयाचा असतो. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला पात्र ठरणाऱ्या विद्यापीठांवर जागतिक क्रमवारीची अट आहे. तेव्हा कोणाही दलालाच्या टेबलापाशी बसण्याआधी त्या विद्यापीठाचा क्रमांक अटीत बसतो का, हे पाहून जावे.

शेवटी मंडळाने काय करावे ह्याविषयी एक सूचना. निकालाआधी एका रविवारी संध्याकाळी विहारात बारावीच्या मुलामुलींना बोलवावे आणि प्रत्येकाकडून नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्यावेत. नाव नसले की फीचे, जातीचे, इंग्रजी न येण्याचे सगळे प्रश्न मोकळेपणाने येतात. चिठ्ठ्या एकत्र करून त्यांतील प्रश्न एका कागदावर उतरवावेत, आणि जवळच्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या विद्यार्थी कल्याण विभागाला पत्र पाठवून, ह्या प्रश्नांची उत्तरे द्यायला कोणाला तरी पाठवा, अशी विनंती करावी. वेळ रविवारची किंवा संध्याकाळी सातनंतरची मागावी. उत्तरे एका जाड वहीत तारखेसह लिहावीत, कोणी दिली त्यांचे पद लिहावे, आणि वही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावी. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून पुढल्या वर्षी जुन्या उत्तराखाली नवे उत्तर लिहावे, जुने खोडू नये. वही सांभाळण्याचे काम त्या वर्षी प्रथम वर्षाला गेलेल्या दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे, कारण अर्ज भरताना कोठे अडते ते त्यांना अजून ताजे आठवत असते.